वावडे आणि वेष्टन

(तानसा परिसरातील शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि महिला बचत गटांच्या सदस्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्यास उभा राहताना मनात संकोच आहे, तो आधीच सांगून टाकतो. १९९२ साली याच आदिवासी पट्ट्यात, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीची मुले कुपोषणाने दगावली. त्या वेळी मी एका महाविद्यालयात दारिद्र्यरेषेच्या व्याख्या शिकवीत होतो. अशा मुलखात येऊन एका निवृत्त प्राध्यापकाने ‘मला अन्नातील अमुक द्रव्य सोसत नाही’ असे गाऱ्हाणे मांडावे, हे कोणाला चैनीचे वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. ज्याला पोटभर मिळत नाही त्याला वावडे कसले, असे आपल्याकडे म्हटले जाते. पण गेली आठनऊ वर्षे या दुखण्यासह राहताना मला असे दिसून आले की, वावडे गरिबालाही असते. श्रीमंताच्या वावड्याला नाव मिळते आणि गरिबाच्या वावड्याला मिळत नाही, एवढाच फरक. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे मांडतो आहे.

तानसाशी माझे नाते तसे जन्माचे आहे. माझे बालपण मुंबईच्या गिरणगावात गेले. चाळीच्या नळाला सकाळी जे पाणी येई ते ‘तानसाचे पाणी’ या नावानेच आम्ही ओळखत होतो. १८९२ साली पुरे झालेल्या या धरणाचे पाणी मुंबईने सव्वाशेहून अधिक वर्षे प्यावे आणि धरणाच्या कुशीतल्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जावी, हे अर्थशास्त्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते; ते मला निवृत्तीनंतर येथे राहावयास आल्यावर कळले. आटगाव स्टेशनवर उतरून तानसाच्या रस्त्याला लागले की आता दुतर्फा दुसरीही एक वाहतूक दिसते. पाड्यावरच्या लहानात लहान दुकानाच्या दारात पाच-पाच रुपयांच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकत असतात. शहापूर, आसनगाव येथे महामार्गाच्या कडेला संध्याकाळी लाल अक्षरांत ‘चायनीज’ असे लिहिलेल्या गाड्या उभ्या राहतात. नाचणी, वरई, रानभाज्या आणि सुकट यांच्यावर वाढलेल्या समाजाच्या ताटात हे नवे अन्न एका पिढीत येऊन बसले आहे.

माझ्या दुखण्याची हकीकत अशी. पन्नाशी उलटल्यावर मला अधूनमधून एक विचित्र त्रास होऊ लागला. जेवणानंतर अर्ध्या तासात चेहरा तापे, डोके ठणके, छाती आवळल्यासारखी होई आणि श्वासाला शीळ लागे. लहानपणी मला दमा होता, पण तो विशीत सुटला होता. पहिला झटका आला तो विद्यार्थ्यांनी दिलेल्या निरोपाच्या जेवणानंतर, आणि ते जेवण चायनीज होते. निदान करण्यास कोणालाच वेळ लागला नाही. सहकाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी, घरच्यांनी एकमुखाने सांगितले, ‘अजिनोमोटो!’ मीही ते मान्य केले. अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेला, ‘एकापाठोपाठ एक घडले म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही’ हे वर्षानुवर्षे मुलांना शिकविणारा माणूस. पण स्वतःच्या पोटाचा प्रश्न आला तेव्हा मी तो धडा साफ विसरलो. पुढची चार वर्षे मी लग्नकार्यात यजमानाला बाजूला घेऊन ‘यात अजिनोमोटो आहे का हो?’ असे विचारीत असे. ते कोणालाच सांगता येत नसे. लोक मला विक्षिप्त म्हणू लागले. आमची धाकटी वहिनी तर म्हणे, ‘भाऊजी, तुमच्यासाठी आता वेगळी चूलच मांडायला हवी.’

हे अजिनोमोटो म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण त्याच्याविषयी भीती पुष्कळ आणि माहिती थोडी, अशी स्थिती आहे. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातील किकुनाए इकेडा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्रशेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळे काढले. गोड, आंबट, खारट, कडू यांखेरीज जी एक भरीव, मांसल रुची जिभेला कळते तिला त्यांनी ‘उमामी’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी हा पदार्थ ‘अजिनोमोटो’ या नावाने बाजारात आला. म्हणजे आपण ज्याला पदार्थाचे नाव समजतो ते मुळात एक व्यापारी नाव आहे. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. पूर्वी तो गव्हातील प्रथिनापासून काढीत. १९५६ नंतर जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून करण्याची रीत निघाली आणि आज तो पिष्टापासून व उसाच्या मळीपासून बनतो. ज्या मळीवर आपल्या राज्याचे निम्मे राजकारण पोसले आहे तिच्यापासूनच हा ‘परदेशी’ पदार्थ तयार होऊ शकतो, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. आणि ग्लुटामेट तर पिकलेल्या टोमॅटोत असते, सुक्या मासळीत असते. आईच्या दुधात ते गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक असते.

मग याची अपकीर्ती झाली कशी? १९६८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचे एक पत्र छापून आले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर आपल्या मानेच्या मागे बधिरता येते, ती हातांत आणि पाठीत पसरते, अशक्तपणा वाटतो, छाती धडधडते, असे त्यांनी लिहिले होते. कारण त्यांनी ठरविले नव्हते. सोयाचा रस, स्वयंपाकातील मद्य, मीठ, मोनोसोडियम ग्लुटामेट अशा शंका तेवढ्या मांडल्या होत्या. पण त्या पत्राला मथळा मिळाला तो ‘चिनी उपाहारगृहाच्या विकारा’चा. तोच शब्द कोशात गेला, आणि एका समाजाच्या स्वयंपाकघरावर डाग लागला. तेच ग्लुटामेट अमेरिकी कंपन्यांच्या डबाबंद सुपात आणि तळलेल्या चकत्यांत सुखाने नांदत होते. त्यांच्या नावाचा विकार मात्र कोणी काढला नाही. पुढच्या वर्षी जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या नवजात पिलांना ग्लुटामेटची मोठी मात्रा टोचून मेंदूला इजा होते असे दाखविले, आणि भीती अधिकच वाढली. टोचणे वेगळे आणि जेवणातून खाणे वेगळे, हा भेद वर्तमानपत्रांच्या मथळ्यात कसा मावणार?

नंतर काटेकोर चाचण्या झाल्या. खाणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही ठाऊक नाही, अशा रीतीने खरा पदार्थ आणि बनावट पदार्थ आलटून-पालटून द्यावयाचा, ही त्यांची पद्धत. आपल्याला ग्लुटामेट सोसत नाही असे स्वतःहून सांगणाऱ्या १३० जणांवर अमेरिकेत अशी चाचणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. रिकाम्या पोटी एकदम पाच ग्रॅम दिल्यावर काहींना त्रास झाला. पण ज्यांना केवळ बनावट पेय मिळाले होते त्यांच्यापैकीही काहींना तसाच त्रास झाला, आणि जेवणाबरोबर दिल्यावर तर परिणामात सातत्य उरले नाही. १९९५ साली अमेरिकी सरकारने करविलेल्या आढाव्याचा कौलही साधारण असाच होता: उपाशीपोटी तीन ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काही माणसांना तात्पुरता त्रास होऊ शकतो; एरवीच्या जेवणातील मात्रा अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर असते. २०१७ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचविली आणि पुष्कळ लोक ती ओलांडतात असेही नोंदविले. तेव्हा पदार्थ विष नाही, आणि चमचाचमचा ओतावा असाही नाही. महामार्गावरच्या गाडीवाल्याचा हात सढळ असतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही. महागाईत त्याला कोंबडी कमी घालून कोंबडीची चव द्यावयाची असते.

माझ्या एका डॉक्टर मित्राने अखेर माझी खोड मोडली. त्याने सहा सकाळी माझ्याकडे साधे सार पाठविले. भांड्यांवर फक्त आकडे. कोणत्या दिवशी ग्लुटामेट आहे ते एका बंद पाकिटात. मी रोज त्रासाची टिपणे ठेवली. सातव्या दिवशी पाकीट फोडले. ज्या तीन दिवशी ग्लुटामेट होते त्यांपैकी एकाच दिवशी माझे डोके दुखले होते; ज्या तीन दिवशी ते नव्हते त्यांपैकी दोन दिवशी दुखले होते. छाती तर एकदाही आवळली नव्हती. मी ओशाळलो. चार वर्षे ज्याची बदनामी केली तो आरोपी निर्दोष सुटला होता.

पण, आणि हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे, त्यामुळे माझे दुखणे खोटे ठरले नव्हते. कारण चुकीचे होते, वेदना खरी होती. आपल्या समाजात असे होते की, कारण चुकले की माणसालाच खोटा ठरवितात. विशेषतः तो माणूस बाई असेल, किंवा मजूर असेल, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याची बोळवण करतात. माझ्या मित्राने तसे केले नाही. त्याने मला झटक्याच्या प्रत्येक दिवसाचे खाणेपिणे आठवून लिहावयास सांगितले. त्या यादीत जे सारखे येत होते ते पाहून आम्ही दोघेही चकित झालो: बाटलीतले लिंबाचे सरबत, सोनेरी मनुका, सुके जर्दाळू आणि पिवळाधमक गूळ. निरोपाच्या त्या जेवणाआधीही आम्ही सरबत प्यायलो होतो! या सर्वांना जोडणारे द्रव्य म्हणजे सल्फाइट, गंधकाचे क्षार. पुढे रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, श्वास मोजणाऱ्या यंत्रावर रीतसर तपासणी झाली आणि ते सिद्ध झाले. (ही तपासणी घरी करावयाची नसते. दमा असलेल्याच्या जिवावर बेतू शकते.)

सल्फाइट बहुतेकांना काहीच करीत नाही. दम्याच्या रोग्यांपैकी थोड्यांना मात्र ते खरोखर बाधते. अमेरिकेत उपाहारगृहांतील कच्च्या भाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर सल्फाइट मारीत असत. दम्याचे काही रोगी त्याने दगावल्यावर १९८६ साली तेथील सरकारने ताज्या फळांवर व भाज्यांवर त्याचा वापर बंद केला. ग्लुटामेटइतकी कुप्रसिद्धी मात्र याच्या वाट्याला कधी आली नाही.

गुळाविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात गूळ म्हणजे शुद्ध आणि साखर म्हणजे रसायन, असे समीकरण असते. उसाचा रस उकळताना मळी वर आणण्यासाठी जुन्या गुऱ्हाळांत रानभेंडीचा चीक वापरीत. गूळ होई तो तांबूस, काळसर. बाजार समितीत मात्र व्यापारी भाव देतो तो पिवळ्या, चमकदार ढेपेला. शहरातील गिऱ्हाईक रंगाला भुलते, म्हणून व्यापारी रंग मागतो. व्यापारी मागतो, म्हणून गुऱ्हाळवाला काहिलीत ‘हायड्रॉस’ची पूड टाकतो. ती गंधकाचीच एक जात आहे आणि रंग उडविणे हे तिचे काम. गुळात गंधकाचा अंश किती राहावा याला कायद्याने मर्यादा आहे. पण ढेप सुटी विकली जाते, तिला वेष्टन नसते, आणि तिच्यात काय किती आहे हे किलोभर गूळ घेणाऱ्या बाईला कोण सांगणार? काळा गूळ पिकविणारा शेतकरी प्रामाणिक असूनही मार खातो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते की, विकणाऱ्याला मालाची माहिती आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे पडतो. त्यासाठी त्यांना पुढे नोबेल मिळाले. आमच्या कोल्हापूर-कऱ्हाडच्या गूळ उत्पादकाला हे नोबेलशिवायच समजले होते.

आता वेष्टनाकडे वळतो. २०१५ च्या जूनमध्ये मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली, ते आपणांस आठवत असेल. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या नमुन्यावरून ते प्रकरण उभे राहिले. शिसे मर्यादेबाहेर आहे आणि वेष्टनावर ‘वरून घातलेले एमएसजी नाही’ असे छापलेले असताना ग्लुटामेट आढळते, असे दोन आरोप होते. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडण्याची संधी दिली नव्हती आणि प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या, असे न्यायालयास दिसले. नव्या तपासणीत शिसे मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरात माल पुन्हा दुकानात आला. त्या पाच महिन्यांत सारा देश एमएसजीविषयी बोलत होता. वेष्टनावर लिहिलेले वाचावयाचे कोणी आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

तो मी विचारतो. २०२० च्या नियमावलीप्रमाणे किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असेल तर वेष्टनावर तसे सांगणे बंधनकारक आहे. हे उत्तमच झाले. पण तो मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला म्हणजे कायद्याचे समाधान होते. मराठी ऐच्छिक आहे. द्रव्याचे नाव न लिहिता नुसता क्रमांक दिला तरी चालतो: ग्लुटामेट म्हणजे ६२१, सल्फाइटे म्हणजे २२० पासून पुढे. येथील आश्रमशाळेत चौथीच्या वर्गात मी एक पाच रुपयांची पुडी घेऊन गेलो आणि मुलांना मागची बाजू वाचावयास सांगितले. एका मुलीने भिंग मागितले. आमच्यात चष्मा असलेला मी एकटाच. मलाही ते वाचता आले नाही. आणि उपाहारगृहांना बाधक द्रव्ये जाहीर करण्याचा जो नियम आहे तो केंद्रीय परवान्याच्या किंवा दहा आणि अधिक शाखांच्या उपाहारगृहांना लागू आहे. म्हणजे मॉलमध्ये जेवणाऱ्याला माहिती मिळेल. आसनगावच्या गाडीवर जेवणाऱ्या वीटभट्टी मजुराला नाही. माहितीचेही असे वर्ग पडले आहेत.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बाया लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांचा सवाल भावाचा होता. आज पुडीचा भाव पाच रुपये आहे आणि तो वर्षानुवर्षे हलत नाही. आतला माल तेवढा कमी होतो. तेव्हा भाव विचारून भागत नाही, आत काय आहे हेही विचारावे लागते. मी सर्व रसायनांवर बंदी मागत नाही, हे स्पष्ट करतो. बंदीची मागणी सोपी असते आणि तिचा पहिला तडाखा लहान माणसाला बसतो. हे मला कोणी पुस्तकातून शिकविले नाही, येथल्याच एका बचत गटाने शिकविले.

गेल्या उन्हाळ्यात त्या भगिनींनी मोठ्या प्रेमाने माझ्यापुढे करवंदाच्या सरबताचा पेला ठेवला. मी ओशाळून विचारले, ‘यात काय काय घातले आहे?’ त्यांच्यातील एक प्रौढ बाई म्हणाल्या, ‘करवंद, साखर, आन् ती पांढरी पूड. शिकवणीत दिलेली.’ ती के.एम.एस. म्हणजे सल्फाइटच होते. मी पेला बाजूला ठेवला तेव्हा त्यांचे तोंड उतरले. मी सारी हकीकत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, ती पूड टाकली नाही तं बाटली आठ दिवसांत फसफसते. मग माल कोण घेनार? आन् वरीसभर करवंद कुठली?’ त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. शीतगृह ज्याच्याजवळ नाही त्याचे शीतगृह म्हणजे ती चिमूटभर पूड. गटात पुढे बरीच चर्चा झाली. त्यांच्यातील एकीने मग हळूच सांगितले की, तिच्या सासूला सरबत प्याल्यावर दर वेळी धाप लागते. घरात सगळे म्हणत, म्हातारी ढोंग करते.

ती म्हातारी आता सरबत पीत नाही. तिची धाप त्यानेच लागत होती किंवा नाही, हे मी सांगू शकत नाही. तिला शहापूरच्या दवाखान्यात तपासून घ्या असे मी सुचविले आहे. पण गटाने ठरविले की, पूड तोलून, मापानेच घालावयाची आणि बाटलीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावयाची. मजकूर माझ्याकडे मागितला. मी लिहून दिले: ‘यात सल्फाइट हे परिरक्षक द्रव्य आहे. दम्याच्या रुग्णांनी सेवन करू नये.’ त्यांनी ते दोनदा वाचले आणि कागद मला परत केला. सासू असलेली ती बाई म्हणाली, ‘गुरुजी, ह्ये आमच्या म्हातारीला कसं कळंल? आमच्यात दमा कोन म्हनत नाय.’ आता बाटलीवर त्यांनी स्वतः लिहिलेली चिठ्ठी आहे. तीत सल्फाइट हा शब्द आहेच, आणि त्याखाली असे आहे: ‘टिकायची पूड घातली आहे. धाप लागणाऱ्या माणसाने पिऊ नये.’